शिळकऱ्याची शीळ

शीळ ऐकताच मृणालिनी वाटेतच थबकली. रानशिळकरी हा इवला पक्षी जगात फक्त या एका बेटावरच्या जंगलात राहायचा. विद्यार्थिनी असताना तिनं त्याला एकदाच ऐकलं होतं. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. या शोधफेरीतही सापडला नाही, तर तो नामशेष झाल्याचं जाहीर होणार होतं.

वेली बाजूला सारत ती आवाजापाशी पोहोचली. फांदीवर काळाभोर भृंगराज बसला होता, दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करणारा.

"म्हणजे यानं खऱ्या शिळकऱ्याला ऐकलंय, ताई," तिचा सहकारी इंद्रजित हरखून म्हणाला. "कुठंतरी जिवंत असणार तो."

भृंगराजानं पुन्हा शीळ घातली. शेवटचा सूर जरासा घसरला. मृणालिनी तिथंच खाली बसली.

"नाही रे," ती म्हणाली. "तो सूर माझाच असा घसरतो. इतकी वर्षं शीळ घालून शिळकऱ्याला बोलावत मीच हिंडतेय इथं. माझंच ऐकून शिकलाय हा."

इंद्रजितनं विचारलं, "मग नामशेष म्हणून कळवायचं?"

"कळव."

ती उठली मात्र नाही. डोळे मिटून ऐकलं, की भृंगराज शिळकरीच वाटत होता.