सरळ रेघ

माझ्या पोटावर चिकटवलेल्या पाच चकत्यांपैकी एकही काही सांगत नव्हती. त्यांना जोडलेल्या मशीनच्या पडद्यावरची रेघ सरळ होती.

"बघा," सासूबाई सिस्टरला म्हणाल्या, "मी सकाळपासून सांगतेय. सातव्या महिन्यात कसल्या कळा? माझ्या हातून चौदा बाळंतपणं झालीत. हिला कामाचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही."

मी दात आवळून पडून होते. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं आणि मशीनसुद्धा त्यांच्याच बाजूने बोलत होतं.

तेवढ्यात एक चकती घसरून चादरीवर पडली. सिस्टरने माझ्या पोटावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल कुणी लावलं?"

"मीच. रोज स्वतःच्या हाताने चोळते," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "आज निघतानाही चोळलंय."

"अहो, गर्भपिशवी आवळली की बारीकशी वीज निघते, ती या चकत्या पकडतात. तेलावरून काय पकडणार?" सिस्टरने स्पिरिटने पोट खसाखसा पुसलं, नव्या चकत्या लावल्या.

पोट पुन्हा आवळलं. या वेळी रेघ उसळली आणि मी श्वास सोडल्यावरच खाली आली. चार मिनिटांनी परत तेच. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली.

सासूबाईंनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

"मशीनला तेल आडवं आलं, आई," मी म्हणाले. "तुमचा तर हातच होता पोटावर. तुम्हाला काय आडवं आलं?"