धार

कोटाच्या जाड कापडात कात्री पुन्हा अर्ध्यावर अडली, तेव्हा मास्तरांनी ती टेबलावर आपटली.

“परवाच धार लावून आणली होती. कोणी घालवली?”

दुकानात दुसरं होतंच कोण? मशीनवर बसलेला धाकटा भाऊ. थोरल्या मास्तरांनी कापायचं, धाकट्याने शिवायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची वाटणी. पण हल्ली त्याचा डोळा कापायच्या टेबलावर आहे, अशी शंकेची पाल मास्तरांच्या मनात केव्हाच चुकचुकली होती. आधी मास्तरांची खडूची रेघ वाकडी जाऊ लागली, मग चहाचा कप हातून निसटला. दोन्ही वेळा धाकटा नुसता बघत राहिला होता. मांजर बिळाकडे बघतं तसा.

धाकटा उठला. तीच कात्री, तेच कापड. खर्रकन टोकापर्यंत कापत गेला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. भावाने त्यांचा उजवा हात धरून पाहिला. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस आत बसलं होतं.

“दादा, दुखतं का?”

“दुखलं असतं तर कात्रीला कशाला बोललो असतो?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना शर्ट काढायला लावला. गुडघ्यावर हातोडी मारली, स्नायूंत सुया टोचून यंत्रावरच्या रेघा पाहिल्या. दंडाची कातडी कुणी हात न लावता फुरफुरत होती. मग त्या भावाकडे वळल्या, तसे मास्तर खेकसले, “जे काय ते माझ्यासमोर. आजारी मी आहे की तो?”

“मोटर न्यूरॉन डिसीज,” बाई म्हणाल्या. “स्नायूंना हलायचा हुकूम देणाऱ्या पेशी मरत चालल्यात. पुढे बोलणं, गिळणं, श्वास घेणं जड जाईल.”

“औषध?”

“एक गोळी आहे. आजाराचा वेग थोडा कमी करते, थांबवत नाही. व्यायाम, श्वासाचं यंत्र, यांनी दिवस सुसह्य होतात.”

मास्तरांनी झटकन भावाकडे पाहिलं. टेबल आता आपसूक त्याचंच. चेहऱ्यावर कुठेतरी बारीकशी का होईना, खुशी दिसेलच, म्हणून ते टक लावून शोधत राहिले.

धाकटा पुढे झाला आणि दादांना शर्ट घालून बटणं लावू लागला. मान खाली. जन्मभर काजं-बटणं केलेला माणूस. त्याने पहिलंच बटण दुसऱ्या काजात घातलं आणि तसाच चुकत चुकत खालपर्यंत आला.

मास्तरांना ते पहिल्या बटणालाच दिसलं होतं.

“झालं?”

“झालं, दादा.”

“चल मग,” म्हणाले, आणि तसाच वाकडा शर्ट घालून भर बाजारातून त्याच्याबरोबर चालत घरी गेले.