हिरवा ठिपका

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली सरकारी संशोधक म्हणून मी गोचिडींच्या मागे लागलो. दुष्काळात रानातली जनावरं पाण्यासाठी गावात शिरायची, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी माणसांना चावायच्या आणि ताप पसरायचा. किनवटच्या जंगलात जीप जाईल तिथपर्यंत मी एकही गाव सोडलं नाही. माणसांचं रक्त घेतलं, रानडुकरांचंही घेतलं. बायको म्हणायची, "आता माझंच तेवढं राहिलंय."

पाच वर्षांनी नकाशा तयार झाला. ताप सापडला त्या गावांना लाल ठिपका, उरलेल्यांना हिरवा. दिल्लीत टाळ्या मिळाल्या, पाठोपाठ बढती मिळाली. मग काय, तोच नकाशा किनवटकडच्या एका आश्रमशाळेत भिंतीवर टांगून मी तासभर व्याख्यान ठोकलं.

व्याख्यान संपल्यावर तिथे स्वयंपाक करणाऱ्या चांगुणाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"सायेब, आमचं गाव दाखवा की. नाल्याच्या पल्याड हाय."

मी ऐटीत बोट ठेवलं. "हे बघा, हिरवं! तुमच्या गावात या तापाचा एकही रुग्ण नाही."

चांगुणाबाईंनी मान डोलावली.



"हाव सायेब. आमच्याकडं जीप येत न्हाई, म्हणून ताप न्हाई. माणसं आपली नुसतीच मरतात."