तांदळाच्या दाण्याएवढे

आई तिसऱ्यांदा पार्लरला निघाली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "परत हात हलवत येशील!" साखरेच्या वॅक्सला केस तांदळाच्या दाण्याएवढे लागतात, नाहीतर पकडच बसत नाही. पार्लरवालीने दोनदा परत पाठवलं होतं. तरी ही रोज खिडकीत बाही वर करून हात निरखत बसणार.

या वेळी तिने मलाही सोबत नेलं. पार्लरवालीने आईचा हात उजेडात धरला, एक केस चिमटीत पकडला. "आलेत की काकू! पण दुखेल हं."

"दुखू दे गं. केमोनंतर डोक्यावरचे आले, भुवया आल्या, हेच मेले रुसून बसले होते."

पार्लरवालीने हातावर थापलेला साखरेचा चिकट गोळा खसकन ओढला आणि आईने किंचाळून अख्खं पार्लर डोक्यावर घेतलं. मला इतकं हायसं वाटलं! वर्षभर हॉस्पिटलात सुया टोचल्या, तेव्हा बाईने हूं की चूं केलं नव्हतं.