आधी ब्रेक की आधी स्टिअरिंग

"आधी डिस्क ब्रेक," फ्रेडरिक म्हणाला. "बाकी सगळं नंतर."

"आधी स्टिअरिंग," बोनेटखालून डोकं बाहेर न काढताच हरेश्वर म्हणाला. "एवढा प्ले आहे त्यात, नुसतंच सैल फिरतं. कडक ब्रेक लावलास की गाडी कुठल्या कुठं ओढून नेईल. मग बस दाबत."

ॲन्सेल्म ओटीवर बसून ऐकत होता. अंगणात चिकूच्या झाडाखाली त्याची लाल फियाट जॅकवर चढवली होती. मागची सीट काढून टाकलेली, मडगार्ड ठोकून रुंद केलेले, बोनेटवर पांढरा पट्टा. हरेश्वर मेकॅनिकनं आणि त्यानं मिळून ती अशी घडवली होती. तिच्यातून त्यानं मुंबईत विमानांच्या धावपट्टीवर शर्यती मारल्या, पण तिच्यात असताना त्याला कधी साधं खरचटलंही नव्हतं. पाय गेला तो स्कूटरवर. सातिवलीच्या फाट्यावर ट्रक अंगावर आला आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा गाडीवर ताडपत्री पडली, ती आज सकाळी फ्रेडरिकनं ओढून काढली.

फ्रेडरिक त्याचा धाकटा चुलतभाऊ. विरारला राहायचा. शर्यतीत कायम ॲन्सेल्मच्या मागं असायचा. आज तो हरेश्वरला बरोबर घेऊनच आला होता. कशाला आलास, असं ॲन्सेल्मनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? गाडी न्यायला आला होता. आणि न्यायला हवीच होती कुणीतरी.

"या ड्रम ब्रेकमध्ये दम नाही रे," फ्रेडरिक सांगत होता. "दोन-चार चकरा झाल्या की तापतात. पाय नुसता खाली जातो. कुर्ल्याच्या भंगारात मी एका परदेशी गाडीच्या डिस्क बघून ठेवल्यात. आणि हे बससारखं मोठं स्टिअरिंग काढून टाक. एवढंसं बसवू." त्यानं दोन्ही हातांनी जेवणाच्या ताटाएवढा आकार दाखवला.

"छोटं स्टिअरिंग जड जातं. दंड भरून येतील तुझे."

"येऊ देत."

डिस्कला जोर जास्त लागतो, ॲन्सेल्मच्या मनात आलं, जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर काही उपयोग नाही. नसलेल्या तळव्यानं त्यानं ब्रेक दाबलासुद्धा. गेलं वर्षभर या गाडीबद्दल तो कुणाशीच बोलला नव्हता. ते दोघं वाद घालत राहिले, तो ओटीवर नाहीच अशा थाटात.

शेवटी फ्रेडरिकच वळला. "तू सांग रे ॲन्सेल्म. काय आधी करू? शेवटी तुझीच गाडी होती."

होती.

ॲन्सेल्मनं कुबड्या ओढल्या आणि उभा राहिला.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"होती नाही. आहे."

तो ओटीच्या पायऱ्या उतरू लागला. फ्रेडरिक आधार द्यायला धावला. "दूर हो," ॲन्सेल्म म्हणाला. आवाज असा चढला की विहिरीवरचे कावळे उडाले. "हरेश्वर, जॅक उतरव."

हरेश्वरनं जॅक उतरवला. ॲन्सेल्मनं दार उघडलं, कुबड्या चिकूला टेकवल्या आणि सीटवर अंग टाकलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. घामानं ते निसटत होते. त्यानं लुंगीला हात पुसले आणि परत धरलं.

"डिस्क बसव. पण बूस्टरसकट. हाताला पायाएवढा जोर नसतो."

"हाताला?"

"ब्रेक इथं आण, उजव्या हाताशी. एक दांडा बसव, पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला की ॲक्सिलरेटर. क्लचला डावा पाय आहे माझा. स्टिअरिंगचा प्ले काढ, पण स्टिअरिंग हेच राहू दे. एका हातानं फिरवायचंय. त्याला मूठ लाव, ट्रॅक्टरला असते तशी."

"आणि डाव्या हातानं गिअर टाकताना स्टिअरिंग कोण धरणार?"

"हा गुडघा काय शोभेला ठेवलाय?"

हरेश्वरला हसू फुटलं. त्यानं कुंपणाची एक काठी मोडून आणली आणि स्टिअरिंगशेजारी धरली. "इथं पोचतो हात?"

"अजून वर."

"ॲन्सेल्म, वेडा झालास का?" फ्रेडरिक म्हणाला. "लायसन कोण देणार तुला?"

"नाही दिलं तर परत मागीन."

"आणि शर्यतीत कोण घेणार?"

"नाही घेतलं तर त्यांच्या फाटकात गाडी आडवी लावीन. बघू कोण आत जातं ते. वर रे हरेश्वर, अजून वर. हां. इथं."

फ्रेडरिकचा चेहरा लाल झाला. इझाबेल, ॲन्सेल्मची बायको, मघापासून दारात उभी होती. तो तिच्याकडे वळला.

"वहिनी, हे काय चाललंय? रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर तुम्हीच मला थांबवलंत ना? या, गाडी बघून जा, हरेश्वरलाही आणा, म्हणालात. मी घेऊन जायच्या तयारीनं आलो!"

काठीवरची ॲन्सेल्मची मूठ तशीच राहिली. त्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"विकायची असं मी कुठं म्हटलं, भाऊजी?" इझाबेल म्हणाली. "ह्यांच्या देखत त्या गाडीवर कुणीतरी हात टाकायला हवा होता."