पळसदेवची चिल्लर

शहाण्णव साली बारामतीत सुट्ट्या पैशांचा असा तुटवडा पडला की दुकानदार चिल्लरीऐवजी गोळ्या हातावर टेकवायचे. म्हणून एका बँकेनं गाडी काढली. गावोगाव चिल्लर घ्यायची, बदल्यात नोटा द्यायच्या. आज रिकामी आणलीस तर गाडी बंद, असं साहेबांनी ड्रायव्हर अमजदला बजावलं होतं.

पळसदेवला कुणीच फिरकलं नाही. वैतागून अमजदनं गाडी उजनी धरणाच्या काठाला नेली. जुनं पळसदेव धरणात बुडालेलं. एसटी पुलावर आली की माणसं हात जोडून याच पाण्यात नाणी टाकायची. त्यानं भोंगा पाण्याकडं केला. "लई साठवलंय तुमी! चिल्लर द्या, नोटा घ्या!"

भोंगा ठेवून वळला, तर गाडीच्या दारात रांग. रांगेचं शेपूट पार पाण्यात होतं. पदरातली नाणी ओली, गार. अमजदनं नोटा मोजून दिल्या. पेट्या भरल्या.

संध्याकाळी चिल्लर बारामतीच्या पेठेत वाटली गेली आणि गुलाल उधळला. दादासो किराणावाल्यानं त्याला खांद्यावरच घेतलं. "जिंकलात, अमजदभाई!" अमजदनं मूठ उंचावली.

तेवढ्यात एका गार हातानं त्याचा पाय धरला. रांगेतली पहिली म्हातारी. तिच्या अंगावरचा गुलाल ओघळत होता, मुठीत नोटांचा लगदा होता.

"नोट पाण्यात टिकत न्हाय, बाबा," ती म्हणाली. "आमची चिल्लर दे."