दोराचं टोक

अनुजानं सूक्ष्मदर्शकाखालचा दोराचा तुकडा फिरवला, पुन्हा बघितलं आणि ती खुर्चीत मागं रेलली.

कोल्हापूरच्या विद्यापीठात ती घायपाताच्या तंतूंवर संशोधन करत होती. तुटलेले आणि कापलेले तंतू तिनं शेकड्यांनी पाहिले होते. ताणानं तंतू वेगवेगळ्या जागी तुटतात, पेशींच्या भिंती साल निघाल्यागत उकलतात, टोकाचा पार कुंचा होतो. इथं तसं काहीच नव्हतं. सगळे तंतू एका रेषेत संपले होते. पेशींच्या भिंती धारेखाली दबून चपट्या झाल्या होत्या.

हा दोर तिच्या वडिलांच्या कमरेला होता. बावीस वर्षांपूर्वी पिराजी शाहूवाडीकडच्या एका कड्यावरून आग्या मोहोळ काढायला खाली उतरला. वर धाकटा भाऊ केरबा दोर धरून उभा होता. दोर तुटला आणि पिराजी दरीत गेला. तो दोर वळला होता अनुजाच्या आईनं, धोंडुबाईनं. ‘माझ्याच हातानं मारलं त्यास्नी,’ म्हणत तिनं पुन्हा घायपाताला हात लावला नाही. कमरेचा तुकडा तेवढा ट्रंकेत ठेवला. चिखलानं माखलेलं टोक आजवर कुणी धुऊन बघितलंच नव्हतं; अनुजानंच ते प्रयोगशाळेत आणून पहिल्यांदा धुतलं.

तिन्हीसांजेला अनुजा गावी पोचली. केरबा घराच्या पुढच्या सोप्यात चहा पीत बसला होता. बापाच्या माघारी यानंच तिला वाढवलं, शिकवलं. त्याच्याकडं बघायचं तिला धाडस होईना.

“तात्या, दोर तुटला न्हवता. कापलाय.”

केरबानं कपबशी खाली ठेवली. धोंडुबाई आतून उंबऱ्यापाशी आली.

“व्हय,” तो म्हणाला. “कापलाच हाय.”

धोंडुबाईनं चौकट धरली. “भावजी, तुमी कापलासा? आन् मी बावीस वर्सं सवताला खात बसले?”

“दोर बळकट हुता, वैनी. माझंच पाय निसटलं. फरफटत कड्याच्या टोकाला आलतो. हे सांगितलं असतं, तर तुमी मला दारात उभं केलं नसतं.” त्यानं धोंडुबाईकडं बघितलं. “पर मी न्हाय कापला. दादानं खालनं बघितलं आन् ‘सोड’ म्हणाला. मी सोडंना, तवा त्यानंच मोहोळ कापायचा कोयता दोराला लावला.”